चांगला ऑपरेटर, कच्चा सुपरवायझर

भोसरी, सातपूर, शिरोली, वाळूज; कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यात माणूस सुपरवायझर होतो तो बहुतेक एकाच रीतीने. जुना सुपरवायझर शेजारच्या प्लॉटमधल्या कंपनीत जातो, नोटिशीचा महिनाही धड भरत नाही, आणि मालक हाताला सगळ्यात तयार असलेल्या ऑपरेटरला केबिनमध्ये बोलावून सांगतात, "उद्यापासून शिफ्ट तू बघ." पगारात थोडी वाढ होते, शर्टाचा रंग बदलतो. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांनाच आज "मशिन चालू असताना मोबाइल नको" असं सांगायची वेळ येते. ते कसं सांगायचं, हे त्याला कुणीच शिकवलेलं नसतं. मग तो दोनपैकी एक मार्ग धरतो: एक तर सगळ्यांवर खेकसायला लागतो, नाहीतर कुणाला काही सांगण्यापेक्षा स्वतःच मशिनवर उभा राहून माल काढतो. सहा महिन्यांनी मालकांची तक्रार सुरू होते, "पोरगा चांगला आहे हो, पण माणसं सांभाळता येत नाहीत त्याला." कारखान्याचा उत्तम ऑपरेटर गेलेला असतो आणि सुपरवायझरही मिळालेला नसतो.

लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी 1969 साली या प्रकारावर विनोदी अंगाने एक अख्खं पुस्तक लिहिलं. माणूस जमणाऱ्या कामातून बढती घेत घेत न जमणाऱ्या कामापर्यंत पोहोचतो आणि तिथेच राहतो, हे त्यातलं सूत्र. आपल्याकडे त्यात एक भर घालावी लागेल: न जमणाऱ्या कामावर त्याला बसवतो आपण, आणि बोल मात्र लावतो त्याला.

हा लेख तीस माणसांपासून दोन-तीनशे माणसांपर्यंतचा कारखाना चालवणाऱ्या मालकांसाठी आणि प्लांट मॅनेजरांसाठी आहे. इथे सांगितलेल्या गोष्टींसाठी मोठं एचआर खातं लागत नाही, महागडा सल्लागारही लागत नाही. लागतो तो तुमचा वेळ: प्रत्येक सुपरवायझरमागे पंधरा दिवसांतून वीसेक मिनिटं, आणि तीही फोन बाजूला ठेवून.

आधी पारख

1974-75 च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोने आपली कामगिरी-मूल्यमापनाची पद्धत तपासून घ्यायचं ठरवलं. अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन प्राध्यापकांना हे काम दिलं गेलं. त्यांनी केलेल्या शिफारशींमधून पुढे भारतातल्या मनुष्यबळ विकासाच्या कामाचा पाया घातला गेला. त्यातली एक गोष्ट लहान कारखान्यालाही तशीच लागू पडते: माणसाने आज केलेलं काम आणि उद्याचं काम पेलण्याची त्याची कुवत यांचं मोजमाप वेगवेगळं करायचं. व्हीएमसीवर सुरेख सेटिंग लावणं हा पहिल्या वहीतला मुद्दा. सुपरवायझर कोण होईल, याचं उत्तर दुसऱ्या वहीत असतं, आणि आपल्याकडे ती दुसरी वही नसतेच.

ती कशी भरायची, हे आपल्या सैन्यदलाकडून शिकता येतं. अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीत उमेदवारांना मैदानावर गटाने अडथळे पार करायला लावतात. एका टप्प्यावर एकेकाला म्होरक्या करून हाताखाली दोन साथीदार देतात आणि काम पूर्ण करून दाखवायला सांगतात. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे उमेदवाराला वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात, आपापलं मत स्वतंत्रपणे नोंदवतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसून निर्णय घेतात. या पद्धतीचं मूळ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने 1942 साली सुरू केलेल्या निवड मंडळांत आहे. त्यामागचा विचार सरळ आहे. "तू नेतृत्व करशील का?" असं विचारून काही कळत नाही, त्याला तशा प्रसंगात उभं करावं लागतं आणि पाहावं लागतं.

कारखान्यात असे प्रसंग आपसूक येतात. गणपतीला कोकणातली माणसं गावी जातात, कुणाच्या गावची जत्रा असते, कुणाच्या घरी लग्न. नेहमीचा सुपरवायझर आठ दिवस रजेवर गेला की ज्याच्याकडे तुमची नजर आहे, त्याच्याकडे शिफ्ट सोपवा. "हंगामी" म्हणून सांगा, म्हणजे परत मशिनवर जाताना त्याला मान खाली घालावी लागणार नाही. आणि त्या आठ दिवसांत त्याच्या मागे मागे फिरू नका. ठरावीक गोष्टीच बघा. मशिन बंद पडलं तर तो स्वतः पाना घेऊन बसतो, की मेंटेनन्सला बोलावून रिकाम्या झालेल्या माणसांना दुसरं काम लावतो? नव्या हेल्परला काम समजलं का, हे तो बघतो का? पुढच्या शिफ्टला चार्ज देताना अर्धवट राहिलेलं सांगतो, की "सगळं ओके" म्हणून बस पकडतो?

या सगळ्यांहून मी एका गोष्टीला जास्त मोल देतो: वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर येते. बोअरचं माप बाहेर गेलेले चाळीस जॉब लाल पेटीत ठेवून शिफ्ट संपायच्या आत फोन करणारा माणूस, उत्पादनाचा आकडा रोज गाठणाऱ्यापेक्षा सुपरवायझर म्हणून जास्त उपयोगाचा असतो. तेच चाळीस जॉब चांगल्या मालात मिसळून गेले, तर ग्राहकाची लाइन थांबते आणि तुमच्या खर्चाने तुमचीच माणसं तिथे सॉर्टिंगला बसतात.

पाहिलेलं लिहून ठेवा, पण मत लिहू नका. "पुढाकार चांगला" या शेऱ्यातून सहा महिन्यांनी कुणालाच काही बोध होत नाही. "मंगळवार, दुसरी शिफ्ट. कॉम्प्रेसर बंद. तिघांना डीबरिंगला लावलं, मेंटेनन्सला फोन केला, डिस्पॅचला आधीच कळवलं" ही ओळ कामाची. शक्य असेल तर क्वालिटीच्या किंवा स्टोअरच्या माणसालाही अशीच नोंद वेगळी करायला सांगा आणि मगच दोघं बोला. आधी बोललात तर तो तुमचीच री ओढेल. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920 साली दाखवून दिलं होतं की, वरिष्ठ लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्यांना गुण देतात तेव्हा एका बाबतीतली छाप इतर सगळ्या गुणांवर पडते. अंगाने दणकट दिसणारा माणूस हुशारही वाटतो आणि नेताही. आपल्याकडे वेळेवर येणारा, नम्र बोलणारा आणि साहेबांच्या घरच्या कार्यात राबणारा पोरगा असाच सगळ्या रकान्यांत वर जातो.

स्वभावाचे चार रंग सांगणाऱ्या चाचण्यांची जाहिरात तुमच्याकडेही आली असेल. एका दिवसाची करमणूक म्हणून ठीक आहे. सुपरवायझर निवडण्यासाठी मी त्यावर एक रुपया खर्च करणार नाही.

मग थोडं शिक्षण

इथे जास्त वेळ घालवायची गरज नाही, कारण काय शिकवायचं हे ऐंशी वर्षांपूर्वीच ठरून गेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांतले तयार कामगार सैन्यात गेले आणि शेतावरची, घरातली नवखी माणसं मशिनवर आली. त्यांना सांभाळणाऱ्या सुपरवायझरांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा सरकारी उपक्रम 1940 ते 1945 या काळात चालला आणि सोळा लाखांहून अधिक लोकांनी त्यातून शिक्षण घेतलं. एकेक पाठ दहा तासांचा: दोन तासांच्या पाच बैठका. काम कसं शिकवावं, कामाची रीत कशी सुधारावी आणि माणसांशी कसं वागावं, असे मुख्य तीन पाठ. युद्धानंतर ते जपानमध्ये गेले आणि टोयोटाच्या कामाच्या पद्धतीत मुरले.

माणसांशी वागण्याच्या पाठाचा गाभा चार गोष्टींत सांगता येतो. ज्याला-त्याला त्याचं काम कसं चाललंय हे कळू द्या. चांगल्याला चांगलं म्हणा, तेही वेळेवर. बदल होणार असेल तर ज्याच्यावर परिणाम होणार त्याला आधी सांगा. ज्याच्या अंगी जे आहे त्याचा उपयोग करून घ्या. तुमच्या नव्या सुपरवायझरला यातलं तिसरं जरी जमलं, तरी शिफ्ट बदलल्याचं फळ्यावर वाचून चिडणारी निम्मी माणसं शांत होतील.

बोलायचं कसं

अवघड भाग हा आहे. सुपरवायझरला त्याच्या कामाबद्दल सांगणं, म्हणजे हल्ली ज्याला सर्रास फीडबॅक म्हणतात ते, नेहमी गुणकारीच असतं असा एक समज आहे. अव्रॅहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी 1996 साली तोपर्यंतचे कित्येक अभ्यास एकत्र तपासले. फीडबॅकने सरासरी कामगिरी सुधारते हे खरं निघालं. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ती उलट घसरल्याचंही दिसलं. बोलणं कामावरून घसरून माणसावर गेलं की नुकसान होण्याचा धोका वाढतो, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता.

हे कारखान्याच्या भाषेत आणू. समजा, दुसऱ्या शिफ्टला पहिला पीस क्वालिटीकडून पास न करून घेताच लॉट चालू झाला आणि साठ जॉब रिजेक्ट झाले. नेहमीचं वाक्य असं येतं: "तुला कितीदा सांगितलं, तुझं लक्षच नसतं. सुपरवायझर केलं ते चुकलंच माझं." यात सुपरवायझरने धरावं असं काहीच नाही. 'लक्ष नसतं' यावर तो उद्या काय करणार? तो फक्त स्वतःचा बचाव करणार, आणि त्यात तो पटाईत होत जाणार.

याच्या जागी तीन गोष्टी क्रमाने सांगा: प्रसंग, कृती, परिणाम. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने ही रीत रुळवली आहे. "काल दुसऱ्या शिफ्टला नवीन लॉट लागला तेव्हा पहिल्या पीसवर क्वालिटीची सही नव्हती. लॉट तसाच चालू झाला. साठ जॉब गेले आणि आजची गाडी अर्धी रिकामी गेली." एवढंच. मग थांबा. पुढचं वाक्य त्याचं असू द्या. बहुतेकदा तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी त्यातून बाहेर येतं. रात्री आठनंतर क्वालिटीचा माणूसच नसतो, किंवा डिस्पॅचवाल्याने "साहेबांनी सांगितलंय, आधी माल काढा" असा निरोप दिलेला असतो. तो निरोप तुमचाच निघाला तर तोही ऐकून घ्यावा लागेल.

शाबासकीलाही हाच नियम. "मस्त काम केलंस" ऐकायला गोड लागतं, पण नेमकं काय मस्त, हे कळत नाही. "नव्या मुलाला तू तीनदा करून दाखवलंस आणि मग त्याच्याकडून करून घेतलंस, म्हणून तो पहिल्या आठवड्यात एकटा मशिन चालवू शकला," असं म्हटलं की तो पुढच्या मुलालाही तसंच शिकवेल.

दोन सवयी मात्र आधी मोडाव्या लागतील, आणि दोन्ही मालकांच्या आहेत. पहिली, सुपरवायझरला लाइनवर, सगळ्यांसमोर झापणं. ग्राहकाने फोनवर तुम्हाला सुनावलेलं असतं आणि वड्याचं तेल वांग्यावर निघतं. त्या दहा मिनिटांत त्याचा गेल्या तीन महिन्यांत बसलेला जम उखडतो. दुपारी तो कुणाला काही सांगायला गेला की लोक एकमेकांकडे बघून हसतात. दुसरी सवय जास्त घातक, कारण ती चांगल्या मनाने केली जाते. मालक शॉपमधून फेरी मारताना थेट ऑपरेटरला सांगतात, "हे थांबव, आधी ते दुसरं लाव." वीस वर्षं स्वतः मशिनवर काढलेल्या मालकांना हे आवरत नाही. पण दोन-चारदा असं झालं की सुपरवायझर नावापुरता उरतो. कुठला जॉब आधी लावायचा हे त्याच्यामार्फतच जाऊ द्या, पाच मिनिटं जास्त लागली तरी.

वयाचाही प्रश्न असतो. डिप्लोमा करून आलेला सव्वीस वर्षांचा मुलगा आणि त्याच्या हाताखाली पन्नाशीचे मामा, ज्यांनी त्या मुलाच्या जन्माआधीपासून लेथ चालवलंय. इथे मुलाला सांगा: चारचौघांत मामांची चूक काढायची नाही, काम सांगताना "मामा, हे आज कसं बसवू या?" असं विचारायचं, पण सुरक्षेचा नियम मामांनाही सोडायचा नाही. गॉगल सगळ्यांनाच. आणि मामांना तुम्ही स्वतः भेटून सांगा की शिफ्टचा निर्णय या मुलाचा राहील. तुम्ही हे न बोलता सोडलंत तर मामा ते स्वतःच्या पद्धतीने ठरवून टाकतात.

विचारायचं काय

कोचिंग म्हटलं की लोकांना क्रिकेटचा प्रशिक्षक आठवतो: कोपर वर घे, पाय पुढे टाक. कामाच्या ठिकाणचं कोचिंग मात्र विचारण्यावर उभं आहे. टिमोथी गॉलवे यांनी 1974 साली टेनिसच्या संदर्भात मांडलेला विचार जॉन व्हिटमोर यांनी 1992 च्या आपल्या पुस्तकातून कार्यालयांत आणि कारखान्यांत पोहोचवला. समोरच्याचं ध्येय काय, आत्ता स्थिती काय, वाटा कोणत्या आणि तो नक्की काय करणार, असे चार टप्पे. गूगलने 2008 च्या सुमारास आपले चांगले मॅनेजर कशाने चांगले ठरतात याचा शोध घेतला तेव्हा आठ गोष्टींच्या यादीत 'चांगला कोच असणं' सगळ्यात वर आलं आणि तांत्रिक कौशल्य आठव्या क्रमांकावर. इंजिनिअरांनी भरलेल्या कंपनीतला हा निष्कर्ष आहे.

आपल्या वीस मिनिटांत हे प्रश्न असे येतील: "पंधरा दिवसांत कुठे अडलं?" "त्यावर तू काय करून पाहिलंस?" "अजून काय करता येईल?" "त्यातलं येत्या सोमवारपर्यंत काय करशील?" आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न, "माझ्याकडून काय हवंय?" सुरुवातीला "काही नाही साहेब, सगळं ठीक" हेच उत्तर येईल. घाई करू नका. आजवर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर साहेबांकडूनच मिळत आलेल्या माणसाला स्वतःचं उत्तर बोलायला वेळ लागतो. तो गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. मालकांना सगळ्यात जड जातं ते हेच.

सगळं विचारूनच करायचं असंही नाही. प्रेसचं गार्ड काढून काम चाललं असेल तर "तुला काय वाटतं?" विचारत बसायचं नसतं, मशिन थांबवायचं, नंतर बोलायचं. पहिल्याच महिन्यात असलेल्याला पीएफचा फॉर्म कसा भरायचा, हे सरळ सांगून टाकावं. ज्याची माहितीच नाही ते विचारून बाहेर येत नाही.

आणि नुसत्या प्रश्नांनी कुणी घडत नाही, हातात निर्णय द्यावे लागतात. कोणते, ते लिहून द्या. दोन दिवसांपर्यंतची रजा तो मंजूर करेल. ओव्हरटाइमला कोण थांबेल ते तो ठरवेल. इन्सर्ट, हातमोजे असा किरकोळ माल अमुक रकमेपर्यंत तो मागवेल. रक्कम तुम्ही ठरवा, पण आकडा असू द्या. संशयास्पद लॉट थांबवायचा अधिकार त्याला पूर्ण. त्याने घेतलेला एखादा निर्णय तुम्हाला पटणार नाही. नुकसान मोठं नसेल तर तो तसाच उभा राहू द्या आणि पंधरवड्याच्या बैठकीत बोला. त्याच दिवशी फिरवलात तर पुढचा निर्णय तो तुम्हाला विचारूनच घेईल, आणि तुम्ही पुन्हा रात्री अकरा वाजता फोन उचलत बसाल.

हाताखालच्यांचं ऐकताना

मोठ्या कंपन्यांत वरचे, बरोबरीचे आणि हाताखालचे अशा सगळ्यांकडून निनावी मत मागवतात. आठ माणसांच्या लाइनवर निनावी काही राहत नाही. अक्षर ओळखू येतं, भाषा ओळखू येते, आणि कुणी काय लिहिलं याचा शोध चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत लागतो. म्हणून फॉर्म नकोत. सुपरवायझरनेच आपल्या माणसांना एकेकटं गाठून विचारावं: "पुढच्या महिन्यात मी एखादी गोष्ट वेगळी करावी, अशी कुठली?" मार्शल गोल्डस्मिथ हे अमेरिकन प्रशिक्षक असं पुढचं विचारण्याचा आग्रह धरतात, कारण झाल्या गोष्टीवर माणूस वाद घालतो, होणाऱ्या गोष्टीवर घालत नाही. उत्तर मिळालं की "बरं, बघतो" एवढंच म्हणायचं, सफाई द्यायची नाही. आणि हा प्रश्न आधी तुम्ही तुमच्या सुपरवायझरांना स्वतःबद्दल विचारून दाखवा. तुम्ही कसं ऐकता, हे बघूनच ते शिकणार आहेत.

पगाराची बैठक वेगळी

जनरल इलेक्ट्रिकमध्ये झालेला एक अभ्यास 1965 साली प्रसिद्ध झाला. वार्षिक मूल्यमापनाच्या एकाच बैठकीत पगारही ठरत होता आणि सुधारणाही सुचवल्या जात होत्या. टीकेने सुधारणा झाली नाही, उलट ज्या बाबतीत टीका जास्त त्या बाबतीत प्रगती कमी दिसली. अभ्यासकांनी दोन्ही कामं वेगळी करायला सांगितलं. साठ वर्षांनंतरही आपल्याकडे एप्रिलमधली वाढ आणि दिवाळीचा बोनस हेच सुपरवायझरशी मोकळं बोलायचे दोन मुहूर्त असतात. त्या दिवशी त्याचं लक्ष आकड्यावर असतं. बाकीचं त्याच्या कानावरून जातं. पगाराची तारीख निराळी ठेवा, आणि पंधरवड्याच्या बैठकीत पगाराचा 'प'ही काढू नका. तिथे सांगितलेली अडचण वाढीच्या वेळी त्याच्याविरुद्ध वापरलीत तर ती बैठक त्या दिवसापासून बंद पडली असं समजा, जरी तो दर पंधरवड्याला येऊन बसत राहिला तरी.

जमलंच नाही तर

सगळं करूनही काही जणांना हे काम जमत नाही, किंवा आवडत नाही. सहा महिन्यांत तुम्हालाही कळतं आणि त्यालाही. अशा वेळी बहुतेक जण कंपनी सोडतात, कारण परत मशिनवर जाणं म्हणजे गावभर नाचक्की. ही वेळ येऊ नये याची तजवीज बढतीच्या आधीच करायची असते. माणसं न सांभाळताही वर जाता येईल अशी एक पायरी कारखान्यात हवी: मुख्य सेटर, टूलिंगचा जाणकार, नव्या मुलांना मशिन शिकवणारा. पगार सुपरवायझरच्या बरोबरीचा, निदान जवळपासचा. ही जागा कागदावर आणि पगारपत्रकात आधीपासून असली तर हंगामी शिफ्ट बघून परत आलेला माणूस तिथे ताठ मानेने जातो. ती जागा तयार करायला तुम्हाला अकाउंटंटबरोबर एक दुपार बसावं लागेल. पुढचा सुपरवायझर नेमायच्या आधी बसा.